कॉफीचा दर लंडनचा, हिशेब ओटीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली दोन-तीन वर्षे कॉफीच्या दराची बातमी आली की तिच्या शेपटाला एक वाक्य ठरलेले असते: कर्नाटकातले कॉफी उत्पादक मालामाल. कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी रोबस्टा सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात टनाला ५,००० डॉलरच्या वर होती आणि दुसरा प्रकार, अरेबिका, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली, हे खरेच आहे. व्हिएतनाम आणि ब्राझील या दोन मोठ्या उत्पादक देशांत पावसाने दगा दिला आणि दर चढले. पण लासलगावात कांदा चढला म्हणून राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने त्या भावाने कांदा विकला, असे आपण कधी मानत नाही. कोडगू, चिकमंगळूर, हासन या कर्नाटकातल्या कॉफीच्या जिल्ह्यांबाबत मात्र बिनदिक्कत मानतो. डोळ्यांसमोर बंगला, जीप आणि व्हरांड्यात कप घेऊन बसलेला मळेवाला असतो. प्रत्यक्षात देशातल्या कॉफीच्या जमीनधारणांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक १० हेक्टरांच्या आतल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य पाच एकरांच्याही खाली. हे पत्र त्यांच्या हिशेबाविषयी आहे.

आधी दर. लंडनचा आकडा असतो स्वच्छ हिरव्या दाण्याचा, म्हणजे साल-टरफल काढून, प्रतवारी करून जहाजावर चढायला तयार असलेल्या मालाचा. टनाला ५,००० डॉलर म्हणजे ८४ रुपयांच्या डॉलरने किलोला ४२० रुपये. लहान शेतकऱ्याकडे हा दाणा नसतोच. त्याच्याकडे असते सालीसकट वाळवलेले फळ. व्यापारात त्यालाच चेरी म्हणतात आणि ते ५० किलोंच्या बॅगेच्या हिशेबाने विकले जाते. त्या ५० किलोंतून किती किलो दाणा निघेल तो आकडा म्हणजे आउटटर्न, बोलण्यात ‘ओटी’. रोबस्टाची ओटी साधारण २५ ते २८ बसते. २६ ओटीच्या बॅगेत २६ किलो दाणा, म्हणून लंडनच्या त्या चढ्या दरालाही बॅगेची अगदी कमाल किंमत १०,९२० रुपये. त्यातून क्युरिंग (साल-टरफल काढून, प्रतवारी करून दाणा तयार करणे), वाहतूक, गोणपाट, निर्यातदाराचा आणि गावातल्या व्यापाऱ्याचा वाटा जायचा. शिवाय झाडावरून १०० किलो लाल फळ उतरवले की वाळून हातात उरते ४०-४५ किलो चेरी.

खरी गोम ओटी कोण मोजतो यात आहे. व्यापारी बॅगेतून मूठभर नमुना काढतो, छोट्या यंत्रावर साल काढतो, दाणा तोलतो, ओलावा मोजतो आणि काळे, तुटके, किडके दाणे बाजूला काढून आकडा सांगतो. रोबस्टा चेरीचा सौदा पुष्कळदा ओटीच्या अंकामागे ठरतो. समजा अंकाला ३५० रुपये दर आहे. २८ ओटीचा माल २५ धरला गेला तर बॅगेमागे १,०५० रुपये गेले. एकरी १७ बॅगा धरल्या तर एकराला १७,८५० रुपये, आणि तेही कुणी दर पाडला नसताना! मोजणारा तोच, विकत घेणारा तोच, आणि बहुतेक वेळा हंगामाआधी उचल देणाराही तोच. अशा ठिकाणी आकड्यावर वाद घालायला शेतकऱ्याकडे स्वतःचा तराजू हवा, ओलावामापक हवा, साल काढायचे नमुनायंत्र हवे. दोन-तीन एकरांच्या धन्याला हे तिन्ही परवडत नाही. चांगली कॉफी पिकवणारा आणि चांगली कॉफी मोजून देणारा, ही दोन वेगळी माणसे झाली आहेत.

एकरी १७ बॅगा हा आकडा हवेतला नाही. देशात रोबस्टाची सरासरी उत्पादकता हेक्टरी एक टनाच्या थोडी वर असते, म्हणजे एकरी ४२०-४५० किलो दाणा. व्हिएतनाम हेक्टरी अडीच टनांच्या आसपास काढतो. अरेबिकाची गत आणखी बिकट आहे: हेक्टरी ४०० किलोंच्या आसपास, म्हणजे एकरी १६० किलो दाणा. धुऊन वाळवलेल्या टरफलासकट मालात, ज्याला पार्चमेंट म्हणतात, तो चार बॅगा भरतो. दर कितीही चढला तरी चार बॅगांनी गुणून काय येणार? अरेबिकाचा भाव वर्तमानपत्रात रोबस्टाच्या वर दिसतो, म्हणून अरेबिकावाला श्रीमंत असावा असा समज होतो. कोडगूत गेली कित्येक वर्षे लोक अरेबिका काढून रोबस्टा लावत आहेत, याचे एक कारण या गुणाकारात आहे. दुसरे कारण पुढे येते.

या पिकाचा सगळा जीव फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या दोन पावसांवर टांगलेला असतो. पहिला ब्लॉसम शॉवर, दुसरा बॅकिंग शॉवर. तोडणी संपल्यावर झाड कोरड्यात ताण सोसते, कळ्या तयार होऊन फांदीवर निजून राहतात. एक ते दीड इंच पाऊस एका दमात पडला की आठवड्या-दहा दिवसांत अख्खी बाग पांढरी होते. पाऊस अर्धाच इंच झाला तर कळ्या अर्धवट जाग्या होतात, गुलाबीसर पडतात आणि वाळतात. त्या वर्षी त्या फांदीवर पुन्हा कळी येत नाही. रोबस्टाचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग वाऱ्याने किंवा मधमाशीने आणावा लागतो. म्हणून फुलोऱ्याच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा सर आली तरी नुकसान. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दुसरा पाऊस आला नाही तर धरलेली टाचणीच्या डोक्याएवढी फळे गळून पडतात. शेतकऱ्याने वर्षभर काय केले याच्याशी यातल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. पाऊस जानेवारीतच येतो, झाडावर पिकलेले फळ असतानाच. मग एकाच फांदीवर लाल फळ आणि पांढरे फूल. तोडणी थांबवली तर फळ फुटून खाली पडते. तोडणी चालू ठेवली तर मजुराच्या हाताने फूल, म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक, झडते. त्यातच खळ्यावर पसरलेला माल भिजलेला. या तिन्हींत कशाला वाचवायचे हे त्या दिवशी सकाळी ठरवावे लागते आणि कसेही ठरवले तरी काहीतरी जातेच.

पाऊस नाही तर स्प्रिंकलर लावा, असा सल्ला सोपा आहे. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण १ लाख लिटर. दीड इंच म्हणजे दीड लाख. एका एकराचा एकच फुलोरा काढायला एवढे पाणी लागते, आणि फळ टिकवायला आणखी एक पाळी. मार्चमध्ये हे पाणी ज्याच्या रानात तळे आहे त्याच्याकडेच असते. तळ्याला दोन-चार गुंठे जमीन द्यावी लागते, पंप, पाइप, नोझल आणि डिझेल वेगळे. एका जागी तीन-चार तास पाणी मारून पाइप सोडवायचे, उचलायचे, पुढे जोडायचे. रात्रभर हेच चालते, कारण दिवसा वाऱ्याने पाणी एकसारखे पडत नाही. ज्याच्याकडे तळे नाही तो आकाशाकडे बघतो आणि शेजाऱ्याची पांढरी झालेली बाग बघतो. भाव चढल्याचा खरा फायदा पाणीवाल्याला झाला, हे दर सांगणाऱ्या एकाही बातमीत आलेले दिसत नाही.

पावसाळ्यात दुखणे उलटे. इथल्या डोंगरउतारांवर १०० इंच पाऊस ही नवलाई नाही. पाणी साठले की मुळे गुदमरतात आणि हिरवी फळे गळतात. पाने आणि फळे काळी पडून बुरशीच्या धाग्याला लोंबकळत राहतात, तो काळा कूज. कानडीत कोळे रोग, कोकणातले सुपारीवाले ज्या कोळेरोगाने हैराण असतात त्याचा नावभाऊ. अरेबिकावर तांबेरा. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेची कॉफी संपवून तिथे चहा आणणारा तो हाच. त्यावर आजही मुख्य औषध बोर्डो मिश्रणच आहे, नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना ते नव्याने सांगायला नको. अर्धा टक्का तीव्रतेसाठी २०० लिटरच्या पिंपाला १ किलो मोरचूद आणि तेवढाच फवारणीचा चुना. दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. मग घासलेले लोखंडी पाते बुडवून बघायचे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तसेच फवारले तर पाने जळतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पहिली फवारणी पावसाळ्याआधी, दुसरी पावसाच्या उघडिपीत, तिसरी पाऊस सरल्यावर. मधली उघडीप मिळालीच नाही तर ती फवारणी चुकते आणि रोग पुढे सरकतो. पाणी पानाच्या खालच्या बाजूला लागले पाहिजे, कारण तांबेरा तिथेच बसतो. आणि उतारावर, घसरत, पाठीवर पंप घेऊन हे करणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे सोपे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत तर डोंगरच खाली आले आणि कॉफीसकट जमिनीच वाहून गेल्या. कॉफीचे झाड पुन्हा लावता येते. माती परत आणता येत नाही.

अरेबिका सोडण्याचे दुसरे कारण आहे खोडकिडा, पांढरा स्टेम बोअरर. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन काळांत त्याचा भुंगेरा उडतो, मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी आत शिरते आणि लाकडात बोगदे काढते. बाहेरून दिसते ते इतकेच: पाने पिवळी पडतात, झाड मलूल होते, खोडावर बोटभर उंचवटे येतात. अळी एकदा लाकडात गेली की कोणतेही औषध तिथपर्यंत पोचत नाही. मग एकच उपाय उरतो: उडण्याच्या काळाआधी, म्हणजे मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, एकूण एक झाड तपासायचे, लागण झालेले मुळासकट उपटायचे आणि जाळायचे. बांधावर रचून ठेवले तर तिथूनच भुंगेरे बाहेर पडतात. निरोगी झाडांचे खोड काथ्याने घासून सुटलेली साल काढायची, म्हणजे अंड्यांना भेग उरत नाही; त्यावर चुन्याचा १० टक्के द्रावणाचा हात. हे सगळे एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याने झाडे जाळली नाहीत तर आपली मेहनत पाण्यात जाते. आणि या किडीला ऊन आवडते. सावली विरळ झाली की ती वाढते. म्हणजे लाकडाचा पैसा लागतो म्हणून मोठी झाडे तोडली की पुढच्या दोन-तीन वर्षांत कॉफी जाते. उपटलेल्या झाडाच्या जागी लावलेल्या रोपाला पहिले बरे पीक यायला तीन-चार वर्षे लागतात. त्या काळात दर टनाला ५,००० डॉलर असो की १५,०००, त्या खड्ड्यातून एक दाणाही मिळत नाही.

फळकिडा म्हणजे बेरी बोअरर भारतात १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरजवळ पहिल्यांदा सापडला आणि मग सगळीकडे पसरला. त्याचा बंदोबस्त औषधापेक्षा स्वच्छतेने होतो: तोडताना झाडाखाली जाळी अंथरायची, जमिनीवर पडलेले फळ शेवटपर्यंत वेचायचे, झाडावर एकही राहू द्यायचे नाही. कागदावर सोपे वाटते. वेचणीला तोडणीइतकेच हात लागतात आणि मिळणारा माल मात्र ओंजळभर आणि हलका. मजूर महाग झाला की पहिल्यांदा गाळले जाते ते हेच काम, आणि पुढच्या वर्षी ओटी पडण्याचे एक कारण इथे तयार होते.

मजुरीचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त. कारण हे पीक यंत्राने निघत नाही. झाडे सावलीत, उतारावर, मिरीचे वेल मध्ये. अरेबिका एकदम पिकत नाही. आधी तुरळक लाल वेचायचे, मग मुख्य तोडणी, मग उरलेसुरले ओरबाडायचे, अशा तीन-चार फेऱ्या होतात. रोबस्टाला एक-दोन पुरतात, आणि मजूर मिळेनात म्हणून एकाच फेरीत हिरवे-लाल-काळे सगळे ओढून घेतले जाते. हिरवे फळ वाळल्यावर आकसते, दाणा पोचट निघतो, ओटी पुन्हा खाली. स्थानिक तरुण बेंगळुरू-म्हैसूरला गेले. जुने कामगार म्हणजे येरव, पणिय, जेनु कुरुब ही आदिवासी माणसे, ज्यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. आता टोळ्या येतात आसाम, बंगाल, झारखंडमधून, मुकादमामार्फत, उचल घेऊन. टोळी मध्येच दुसऱ्या मळ्यावर गेली तर फळ झाडावर आणि उचल बुडीत. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघराची जबाबदारी ५ हेक्टर आणि १५ कामगारांपासून वरच्या मळ्यांवर टाकली होती. लहान धारणेवर राबणारा मजूर तिच्या बाहेरच राहिला. शेतकऱ्याच्या हालांवर लिहिताना त्याच्यापेक्षा वाईट हाल कोणाचे, हेही त्याच ओळीत लिहायला हवे.

मिरीबद्दल एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. सिल्व्हर ओकवर चढवलेली मिरी हा कॉफीवाल्याचा खरा विमा. कॉफी पडली की मिरी तारते. ती काढायला ३०-४० फुटांची शिडी लागते. बांबूची जड आणि लवकर कुजणारी, म्हणून सगळ्यांनी ॲल्युमिनियमची घेतली. मळ्यातून विजेच्या तारा गेलेल्या असतात, पानांत दिसत नाहीत. उभी शिडी एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेताना तारेला लागते आणि माणूस जागेवर जातो. हे अपघात जवळपास दर हंगामात होतात. उपाय महाग नाहीत: मळ्यातल्या तारांना आवरण द्यायचे, फायबरची शिडी वापरायची, आणि शिडी हलवताना ती आधी आडवी करायची. शेवटच्या उपायाला तर पैसाही लागत नाही, फक्त पाच मिनिटे आणि दुसरा माणूस लागतो. किलोवर मजुरी ठरली की नेमकी ती पाच मिनिटे वाचवली जातात.

हत्तींवर बरेच लिहून आले आहे, म्हणून थोडक्यात. मळ्यातला फणस आणि तळ्यातले पाणी त्यांना ओढून आणते. अनेक जण फणस कोवळे असतानाच तोडून टाकतात. हत्ती काही कॉफीसाठी येत नाही, पण वाटेतली वीस वर्षांची झाडे मोडतो, आणि तो रानात आहे असे कळले की मजूर उजाडेपर्यंत बागेत पाऊल टाकत नाहीत. त्यामुळे तोडणीचा दिवस दोन तासांनी आखूड होतो. मोडलेल्या झाडाची भरपाई कधीतरी मिळते, आखूड झालेल्या दिवसाची कधीच नाही.

तोडलेले फळ त्याच दिवशी खळ्यावर पसरायचे. थर तीन बोटांहून जाड नको, दिवसातून पुन्हा पुन्हा फिरवायचे, संध्याकाळी गोळा करून झाकायचे. चांगल्या उन्हात बारा-पंधरा दिवसांनी फळ हलवले की आत दाणा खुळखुळतो. ओलावा १०-११ टक्क्यांवर आला पाहिजे. मातीच्या खळ्यावर वाळवले तर मातीचा वास आणि बुरशी, म्हणून सिमेंटचे खळे हवे किंवा ताडपत्री हवी. पार्चमेंटचा दर चांगला, पण त्यासाठी पल्पर, म्हणजे ओल्या फळाची साल काढणारे यंत्र, हवा, भरपूर पाणी हवे, आंबवायला हौद हवा, आणि ते लालसर आंबट पाणी ओढ्यात सोडता येत नाही म्हणून खड्डे हवेत. पल्परच्या पात्यातले अंतर फळाच्या आकाराप्रमाणे बसवावे लागते. चुकले तर दाणा चिरतो आणि चिरलेला दाणा आंबून दर पाडतो. म्हणून लहान शेतकरी अरेबिकाही चेरी करूनच विकतो आणि बॅगेमागे मोठी रक्कम सोडून देतो. त्याला हे कळत नाही असे नाही.

‘मूल्यवर्धन करा, स्वतः भाजून विका’ हा सल्ला देणाऱ्यांनी प्राप्तिकराच्या नियमावलीतला कॉफीचा नियमही वाचावा. कच्ची कॉफी विकली तर ते पूर्ण शेतीउत्पन्न. स्वतः पिकवून क्युरिंग करून विकली की २५ टक्के उत्पन्न व्यवसायाचे मानले जाते, भाजून दळून विकली की ४० टक्के. लहान माणसाला कर बहुधा बसणार नाही, पण हिशेबवह्या, परवाने आणि कागद बसतात.

कर्जाकडे आलो की घोळ जमिनीच्या कागदाचा. कर्नाटकातला आरटीसी म्हणजे आपला सातबारा. कोडगूतल्या कित्येक ‘जम्मा’, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या, जमिनींच्या उताऱ्यावर आजही कधीच वारलेल्या कुटुंबप्रमुखाचे नाव आहे आणि खाली डझनावारी वारस. प्रत्यक्षात वाटण्या झालेल्या, कागदावर नाहीत. बँक दारात उभी करत नाही, मग व्यापाऱ्याची उचल. ज्यांना बँकेचे कर्ज मिळाले त्यांच्यावर दुसरी टांगती तलवार: बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्याने शेतजमीन जप्तीतून वगळली आहे, पण कॉफीचा मळा म्हणजे शेतजमीन नव्हे अशी भूमिका घेऊन बँकांनी लिलावाच्या नोटिसा काढल्या. विम्यासाठी, मदतीसाठी तो शेतकरी. वसुलीसाठी मात्र तो उद्योजक, असा हा न्याय. २००१ मध्ये न्यूयॉर्कचा अरेबिकाचा दर पौंडाला ५० सेंटच्या खाली गेला होता. त्या पडझडीतली कर्जे निस्तरायला केंद्राला २०१० मध्ये वेगळे मदतपॅकेज काढावे लागले, यावरून ती किती काळ साचून होती ते समजते.

जुन्या जाणत्यांना कॉफी मंडळाचा ‘पूल’, म्हणजे सगळ्यांचा माल एकत्र करून विकायची व्यवस्था, आठवतो. १९४२ च्या कायद्याने सगळी कॉफी मंडळालाच द्यायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने, कधी दोन-तीन वर्षांनी मिळायचे. १९९६ मध्ये विक्री पूर्ण खुली झाली आणि ते योग्यच झाले. त्या व्यवस्थेचे उमाळे काढण्यात अर्थ नाही. पण पूल गेल्यावर मोजमापाचा तटस्थ माणूसही गेला, आणि त्याची जागा कोणीच घेतली नाही. उसाला एफआरपी आहे, कारखान्याचा वजनकाटा तपासायला यंत्रणा आहे. ओटीच्या काट्याला कोण आहे?

आता युरोपचा जंगलतोडविरोधी नियम येतो आहे. अंमलबजावणी पुढे पुढे गेली असली तरी अट ठरलेली आहे: ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीतली कॉफी चालणार नाही, आणि प्रत्येक तुकड्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील, ४ हेक्टरांवरच्या तुकड्याची पूर्ण हद्द आखून. आपल्या कॉफीचा मोठा वाटा इटली, जर्मनी, बेल्जियमला जातो, तेव्हा हे टाळता येणार नाही. भारतातली कॉफी सावलीत पिकते, म्हणून खरे तर नियम आपल्या बाजूचा आहे. पण ज्याचा उतारा खापरपणजोबांच्या नावावर आहे त्याने नोंदणी कोणत्या नावाने करायची? नोंदणी नसलेला माल मग कमी दराने घेतला जाईल आणि नोंदणी असलेल्याच्या नावावर पुढे जाईल, अशी भीती वाटते.

दर चढला तेव्हा लहान शेतकऱ्याने माल का राखून ठेवला नाही, असेही विचारतात. डिसेंबर-फेब्रुवारीत तोडणी, त्याच वेळी मजुरांचे पैसे, त्याच वेळी उचल फेडायची. फेब्रुवारीपर्यंत त्याच्याकडचा माल संपतो. ज्यांच्याकडे गोदाम आणि वर्षभराचा पैसा होता त्यांनी थांबून विकले. आणि थांबणेही जुगारच: पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून माल पांढुरका पडतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीतला रोबस्टाचा उच्चांक जुलैपर्यंत एक तृतीयांशाहून अधिक उतरला होता.

आपल्या वाचकांचा या सगळ्याशी संबंध काय? विदर्भातल्या चिखलदऱ्यात थोडी कॉफी होते, तेवढीच महाराष्ट्राची. पण पिणारे आपण आहोत. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचे, प्रमाण छापणे बंधनकारक आहे आणि मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. दाणा महाग झाल्यापासून ७०:३०चे पाकीट केव्हा ६०:४०चे झाले, हे बारीक अक्षर वाचल्याशिवाय कळणार नाही. पाकीट महागले म्हणून कॉफीवाल्याला जास्त मिळाले असेल, हे अनुमान काढण्याआधी ते अक्षर बघावे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की कॉफीचे भाव छापायचेच असतील तर अरेबिका पार्चमेंट, अरेबिका चेरी, रोबस्टा पार्चमेंट आणि रोबस्टा चेरी असे चार वेगळे, ५० किलोंच्या बॅगेचे छापावेत आणि रोबस्टा चेरीपुढे कोणत्या ओटीला तो दर आहे तेही द्यावे. सरकारकडे मागायच्या गोष्टी दोनच. प्रत्येक सहकारी संघात ओलावामापक, नमुनायंत्र आणि शिक्का मारून ओटीची पावती देणारा माणूस; खर्च एका जीपच्या किमतीहून कमी. आणि फुलोऱ्याच्या पावसाचा विमा. कॉफी मंडळाने पर्जन्यविमा एकेकाळी चालवला होता. तो पुन्हा आणताना पर्जन्यमापक तालुक्याला एक असून चालणार नाही, ग्रामपंचायतीगणिक हवा, कारण मार्चमधल्या वळवात टेकडीच्या एका अंगाला दीड इंच आणि दुसऱ्या अंगाला पाव इंच पडतो, आणि पाव इंचवाल्याची बाग त्या वर्षी फुलत नाही.

आपला,
एक वाचक, बेळगाव